पोटातली पाण्याची गाठ वेगळी, पायाची सूज वेगळी

प्रश्न : वय 54, राहणार मुलुंड. मागच्या वर्षी गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. गर्भपिशवी, दोन्ही अंडाशयं, ओटीपोटातले आणि वर महाधमनीजवळचे लिम्फ नोड काढले. रिपोर्टमध्ये 31 नोड, सगळे स्वच्छ, असं आहे. नंतर रेडिएशनचे 25 सिटिंग झाले. ऑपरेशनला आता नऊ महिने झालेत. दोन महिन्यांपासून डावी मांडी जड वाटते, संध्याकाळी पाय सुजतो. सकाळपर्यंत उतरायचा, पण गेल्या आठवड्यापासून पूर्ण उतरत नाही. सोनोग्राफीत डाव्या बाजूला 4 सेंमीची लिम्फोसील दिसली. फॅमिली डॉक्टरांनी लघवी जास्त होण्याची गोळी दिली, मेडिकलवाल्याने गुडघ्यापर्यंतचे मोजे दिले. नणंद म्हणते हा हत्तीपाय आहे, बाई लावून तेलाने रगडून घे. मला मधुमेह आहे, वजन 82 किलो. कॅन्सर परत आला असेल का? ती गाठ काढावी लागेल का? फोर्टला लोकलने ऑफिसला जाते, ते सोडू का? गणपतीला सावंतवाडीला जायचंय, जाऊ की नको?

उत्तर : ताई, मोजे, मालिश, गणपती हे सगळं नंतर. आधी येत्या दोन दिवसांत डाव्या पायाचा शिरांचा कलर डॉपलर, म्हणजे शिरेतून रक्त नीट वाहतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. कॅन्सर, मोठं ऑपरेशन, वजन आणि शिरेला खेटून बसलेली लिम्फोसील, या चारही गोष्टी शिरेत रक्ताची गुठळी व्हायला पोषक आहेत. गुठळीची सूज बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत चढते, पोटरी किंवा मांडी दुखते, पाय गरम आणि तांबूस-निळसर होतो. तुमची सूज हळूहळू, जडपणापासून सुरू झाली, त्यामुळे ती लिम्फची, म्हणजे वेगळ्या बारीक नळ्यांनी रक्तात परतणाऱ्या शरीरातल्या पाण्याची, असण्याची शक्यता जास्त. पण नुसत्या वर्णनावरून किंवा पाय बघून गुठळी नाही अशी खात्री कुणी देऊ नये. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून एक वाक्य मुद्दाम लिहून घ्या: ‘जांघेच्या वर, इलियाक शिरेपर्यंत बघावे’. इलियाक म्हणजे पायातलं रक्त ओटीपोटातून वर नेणारी मोठी शीर. पायाचा नेहमीचा डॉपलर जांघेशी सुरू होऊन खाली येतो आणि तुमची लिम्फोसील आहे ती त्याच्या वर. मध्येच कधी धाप लागली, छातीत दुखलं, तर डॉपलरच्या तारखेची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठायची.

त्याच फेरीत दोन्ही किडन्यांची सोनोग्राफी आणि रक्तात क्रिएटिनिन (किडनीसाठी), अल्ब्युमिन (प्रथिनासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) करून घ्या. थायरॉइड किंवा किडनीची सूज असेल तर ती सहसा दोन्ही पायांवर येते, तरी एकदा खात्री केलेली बरी.

आता तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या सोडवून घेऊ. लिम्फोसील आणि पायाची सूज एकाच ऑपरेशनमुळे आल्या असल्या तरी त्यांचं वेळापत्रक वेगळं आणि उपायही वेगळे. गाठीतलं पाणी काढलं की पाय उतरेल, ही आशा बऱ्याच जणी धरून बसतात आणि त्यात पायाच्या उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात.

लिम्फोसील म्हणजे काय? नोड काढताना त्यांना येऊन मिळणाऱ्या बारीक नळ्या कापल्या जातात. त्यांची तोंडं पूर्ण बंद होईपर्यंत लिम्फ झिरपतं आणि नोड काढलेल्या पोकळीत साचतं. भोवती शरीर तंतूंची पातळ भिंत बांधतं. ही कॅन्सरची गाठ नव्हे. बहुतेक लिम्फोसील ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तयार होतात आणि त्यातल्या पुष्कळशा काही महिन्यांत आपोआप जिरतात. तुमची तेव्हाचीच उरलेली असणार. जुन्या सोनोग्राफीत ती होती का, असल्यास किती सेंमीची, हे आधी ताडून बघा. जुने रिपोर्ट घेऊनच सोनोग्राफीला जायचं, नाहीतर प्रत्येक रिपोर्ट पहिलाच असल्यासारखा लिहिला जातो.

4 सेंमीची, ताप नाही, दुखत नाही, किडनीला सूज नाही, शिरेवर दाब नाही, अशी असेल तर हात लावायचा नाही. तीन-चार महिन्यांनी परत बघायची, बस. उगाच सुई घालण्यात दोन तोटे. एक, नुसतं पाणी ओढून काढलं तर झिरपणं थांबलेलं नसल्यास ती पुन्हा भरते. दुसरा त्याहून वाईट : स्वच्छ पाण्यात बाहेरून जंतू जाऊन त्याचा पू होऊ शकतो.

काढावी लागते ती अशा वेळी : ताप आणि त्या बाजूला ओटीपोटात दुखणं म्हणजे संसर्ग, मूत्रवाहिनी दाबली जाऊन किडनी फुगणं, शीर दाबली जाऊन पाय सुजणं किंवा गुठळी होणं, मूत्राशयावर दाब येऊन सारखी लघवीला लागणं. मग सोनोग्राफी किंवा सीटी बघत रेडिओलॉजिस्ट बारीक नळी, तिला पिगटेल म्हणतात, आत ठेवतात. निघालेलं पाणी जंतू बघायला कल्चरला जातं, पेशी बघायला सायटोलॉजीला जातं आणि त्यात क्रिएटिनिनही मोजतात. शेवटची तपासणी कशाला? मूत्रवाहिनीला इजा होऊन लघवीच साचली असेल तर त्या पाण्यातलं क्रिएटिनिन रक्तापेक्षा कितीतरी जास्त येतं. लिम्फ असेल तर रक्ताइतकंच. नळी दिवसाकाठचं पाणी जवळपास थांबेपर्यंत ठेवतात. थांबत नसेल तर त्याच नळीतून अल्कोहोल, पोव्हिडोन आयोडीन किंवा डॉक्सिसायक्लिन सोडून भिंती एकमेकींना चिकटवतात. त्यानेही भागलं नाही तर दुर्बिणीतून खिडकी पाडून गाठ पोटाच्या पोकळीत मोकळी करतात, तिथे लिम्फ शोषलं जातं.

तुमचे वरचे, महाधमनीजवळचे नोडही काढलेत, म्हणून एक तिसरी गोष्ट जाता जाता सांगतो. तिथली मोठी नळी दुखावली तर जेवणातली चरबी वाहणारं दुधासारखं लिम्फ पोटात झिरपतं. ते ऑपरेशननंतर आठवड्यांतच कळतं, पोट फुगतं, ड्रेनमधून, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी पोटात ठेवलेल्या नळीतून, पांढरं येतं. नवव्या महिन्यात त्याची काळजी तुम्हाला नको. पण ज्यांना तेव्हा कमी चरबीचा आणि एमसीटी तेलाचा, म्हणजे लिम्फच्या वाटेने न जाता थेट रक्तात शिरणाऱ्या चरबीचा, आहार लिहून दिला जातो, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की घरचं खोबरेल म्हणजे एमसीटी नव्हे. खोबरेलात सगळ्यात मोठा वाटा लॉरिक आम्लाचा आणि त्यातलं बरंचसं लिम्फच्याच वाटेने जातं. कोकणातल्या घरांत हा घोळ हमखास होतो.

कॅन्सर परत आला का? नोड काढणं आणि वर रेडिएशन, यानंतर पहिल्या-दुसऱ्या वर्षात सावकाश आलेली पायाची सूज ही अपेक्षित गोष्ट आहे, तेवढ्यावरून परत आल्याचं म्हणता येत नाही. शंका घ्यायची ती यावर : योनिमार्गातून रक्त, जांघेत कडक गाठ, रात्री झोपू न देणारी कंबरदुखी किंवा मांडीतली कळ, कारणाशिवाय वजन उतरणं, पट्टी बांधूनही झपाट्याने वाढणारी सूज, किंवा जिरत आलेली लिम्फोसील पुन्हा वाढणं आणि सोनोग्राफीत तिच्यात घट्ट भाग दिसणं. यातलं काही असेल तर स्कॅन लागेल. नसेल तर नेहमीच्या फॉलोअपला तुमच्या सर्जनला पाय दाखवा. आणि नुसता सांगू नका, दाखवा. पोट तपासून झालं की ‘सगळं ठीक’ म्हणून पेशंट बाहेर येते आणि पाय साडीखाली राहतो.

आता पाय. पायातलं लिम्फ जांघेतून ओटीपोटात, तिथून महाधमनीच्या कडेने वर जातं आणि शेवटी डाव्या हाताच्या बाजूला, गळ्याच्या मुळाशी रक्तात मिसळतं. या वाटेवरची तुमची मधली स्टेशनं काढली आहेत. उरलेल्या नळ्या काही महिने जास्त जोर लावून काम भागवतात, म्हणून सूज लगेच येत नाही. रेडिएशनने त्या भागात हळूहळू व्रण धरतो, नळ्या ताणून त्यांच्या झडपा सैल पडतात आणि मग एक दिवस मांडी जड वाटायला लागते. ओटीपोटाच्या ऑपरेशननंतरची सूज बहुधा मांडी, जांघ, ओटी इथून सुरू होते. घोट्याकडे बघत बसणाऱ्यांच्या ती उशिरा लक्षात येते.

साचलेल्या लिम्फमध्ये प्रथिनं असतात. ती तिथेच राहिली की त्वचेखाली तंतू आणि चरबी वाढते. सुरुवातीला बोटाने दहा सेकंद दाबलं तर खड्डा पडतो आणि पाय वर ठेवला की सूज उतरते, ही पहिली पायरी. पाय वर ठेवून उतरत नाही ती दुसरी, आणि तिच्या उत्तरार्धात खड्डा पडणंही बंद होतं, कारण आत आता पाणी कमी आणि तंतू जास्त. तुमचं वर्णन बघता तुम्ही पहिलीतून दुसरीत पाऊल ठेवताय. आणखी एक खूण घरी करून बघा : पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरा. उजव्या पायाची सहज उचलली जाते आणि डाव्याची जाडसर, चिमटीत न येणारी लागली, तर लिम्फिडिमा, म्हणजे लिम्फ साचून आलेली सूज, आहे असं समजायचं. उचलली गेली म्हणून मात्र नाही असं समजू नका. मांडीपासून सुरू झालेल्या सुजेत बोटं बराच काळ चांगली राहतात.

ही अवस्था पूर्ण बरी होते असं आम्ही सांगणार नाही. ताब्यात राहते. आणि खड्डा पडतोय तोवर सुरुवात केली तर खूपच चांगली ताब्यात राहते.

तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांचं काय करायचं? लघवीची गोळी पाणी काढते, प्रथिनं मागेच राहतात, ती पुन्हा पाणी ओढतात. लिम्फिडिमासाठी तिचा उपयोग नाही. मात्र ती बीपी किंवा हृदयासाठी दिलेली असेल तर स्वतःहून बंद करू नका, विचारून करा. रगडून मालिश नको, गरम पाण्याचा शेक नको, जळवा लावणं तर मुळीच नको. जोरात रगडल्याने आणि उष्णतेने त्या भागात रक्त जास्त येतं, म्हणजे लिम्फही जास्त तयार होतं आणि वाट तर बंदच आहे. हत्तीपाय, म्हणजे फायलेरिया, हा डासातून येणाऱ्या जंतांमुळे नळ्या बिघडून होतो. तुमच्या नळ्या ऑपरेशन आणि रेडिएशनने बिघडल्या, म्हणून फायलेरियाच्या गोळ्यांचा तुम्हाला फायदा नाही. नणंदबाईंच्या समाधानासाठी फायलेरियाची एक रक्ततपासणी करायला हरकत नाही.

गुडघ्यापर्यंतचे मोजे आजच काढून ठेवा. सूज मांडीत आणि दाब पोटरीवर, असं झालं की पाणी गुडघ्याच्या वर अडतं आणि मोज्याची वरची पट्टी काचते.

खरा उपचार दोन टप्प्यांचा आहे, त्यासाठी लिम्फिडिमाचं प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागतो. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या फिजिओथेरपी विभागात आधी विचारा. मुंबईतल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत बहुधा सोय होते. ‘लिम्फिडिमा करता का आणि पायाला शॉर्ट-स्ट्रेच पट्टी बांधता का?’ हे दोन प्रश्न फोनवरच विचारा. दुसऱ्याला ‘क्रेप बँडेज बांधतो’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा.

हा पट्टीचा फरक समजून घ्या, कारण अर्धं काम तिथेच बिघडतं. क्रेप बँडेज खूप ताणलं जातं. तुम्ही झोपलेल्या असतानाही ते पायाला आवळत राहतं आणि चालताना स्नायू फुगला की तेही फुगतं, म्हणजे नेमका हवा तेव्हा दाब नाही. शॉर्ट-स्ट्रेच पट्टी जेमतेम ताणली जाते. झोपेत तिचा दाब कमी असतो, पण पाऊल टाकलं की पोटरी या न हलणाऱ्या भिंतीवर आपटते आणि लिम्फ वर ढकललं जातं. म्हणून पट्टी बांधून चालणं हा उपचार, पट्टी बांधून सोफ्यावर बसणं नव्हे.

पहिला टप्पा साधारण दोन ते चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. आधी त्वचेला मॉइश्चरायझर, मग सुती नळीसारखं अस्तर, बोटांना वेगवेगळी पातळ गॉझची पट्टी, त्यावर कापसाचा किंवा फोमचा थर, गुडघ्यामागच्या खळगीत जास्तीचा फोम. मग पावलापासून मांडीच्या टोकापर्यंत 6, 8, 10 आणि 12 सेंमी रुंदीच्या पट्ट्या. ताण सगळीकडे सारखा ठेवला तर घोट्याजवळ दाब आपोआप जास्त आणि मांडीकडे कमी येतो, कारण घोटा बारीक आहे. मांडीवर घट्ट आणि खाली सैल झाली तर पाऊल फुगेल. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, दुखलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी पट्टी सोडायची. तुम्हाला मधुमेह आहे, म्हणून पहिली पट्टी बांधण्याआधी पावलाच्या नाड्या आणि घोट्याचं व दंडाचं बीपी यांचं गुणोत्तर तपासून घ्या. धमन्या अरुंद असतील तर दाब कमी ठेवावा लागतो, फार अरुंद असतील तर बांधताच येत नाही. तळव्याला बधिरपणा असेल तर तेही थेरपिस्टला सांगा, कारण काचलेलं तुम्हाला कळणार नाही.

थेरपिस्ट हाताने जो ड्रेनेज करतात त्यात तेल नसतं आणि जोरही नसतो. कातडी फक्त हलकी सरकवतात, दिशा डाव्या काखेकडे, कारण जांघेतून वर जायची वाट आता भरवशाची नाही. रेडिएशन झालेल्या पोटावर खोल दाब देत नाहीत. पण आमचं मत स्पष्ट आहे : पैसा आणि वेळ मर्यादित असेल तर तो पट्टी आणि मोज्यावर खर्च करा. नुसत्या ड्रेनेजचा परिणाम पट्टीशिवाय संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

पाय उतरल्यावर दुसरा टप्पा, मापाचा मोजा. माप पट्टी सोडल्या सोडल्या, पाय सगळ्यात बारीक असताना घ्यायचं. सुजलेल्या पायाच्या मापाने शिवलेला मोजा सूज तशीच सांभाळून ठेवतो. मांडीपर्यंतचा हवा, आणि जांघेत किंवा ओटीवर सूज असेल तर कमरेपर्यंतचा, पँटीला जोडलेला. कापड फ्लॅट-निट मागा, जाड असतं, मागे शिवण असते, ते कातडीच्या घडीत रुतत नाही. व्हेरिकोज व्हेन्सचे तयार पातळ मोजे गोल विणलेले असतात आणि घडीत दोरीसारखे जमतात. दाब साधारण 23 ते 32 मिलिमीटर पारा, पण तो थेरपिस्ट ठरवतील. डब्यावर नुसतं ‘क्लास 2’ वाचून घेऊ नका. जर्मन आणि ब्रिटिश प्रमाणांत एकाच क्लासचे आकडे वेगळे असतात, पाऱ्याचा आकडा बघा.

सकाळी अंघोळीनंतर लगेच, पाय कोरडा करून घालायचा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड येते आणि नखाने धागा निघत नाही. रात्री काढायचा. रोज साध्या साबणाने हाताने धुवायचा, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, सावलीत वाळवायचा. जुलैच्या मुंबईत एका रात्रीत तो वाळत नाही, म्हणून सुरुवातीलाच दोन घ्या. ओला मोजा घालून ऑफिसला जाणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. साधारण सहा महिन्यांत ताण जातो, मग नवीन. खर्च मोठा आहे, हॉस्पिटलमधल्या मेडिकल सोशल वर्करना मदतीबद्दल जरूर विचारा.

घरी एक वही करा. भिंतीला टाच टेकवून उभं राहून जमिनीपासून 10, 20, 30 असं मांडीपर्यंत दर 10 सेंमीवर पेनाने खूण करा आणि बसून, टेप न आवळता, दोन्ही पायांचा घेर लिहा. वेळ नेहमी सकाळचीच. पहिला महिना दर आठवड्याला, मग महिन्यातून एकदा. दोन पायांत थोडा फरक जन्मजात असू शकतो, म्हणून डाव्याची तुलना आधी डाव्याच्याच जुन्या आकड्याशी करा. एखाद्या ठिकाणी 2 सेंमी वाढलं की थेरपिस्टकडे जायचं.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारायलाच हवं : ओटीवर किंवा बाह्य जननेंद्रियावर सूज, जडपणा, बारीक पाण्याचे फोड आहेत का? या ऑपरेशननंतर ते होतं आणि बायका वर्षानुवर्षं बोलत नाहीत. फोड फुटले तर चिकट पाणी गळतं आणि तिथून जंतू आत जातात. त्यासाठी सायकलिंगच्या चड्डीसारखी दाबाची पँट आणि आत फोमचा पॅड मिळतो. हे असताना हवेच्या दाबाचं पंप मशीन पायाला लावू नका, पायातलं पाणी सगळं तिथेच जाऊन बसतं.

आता त्वचा. लिम्फ साचलेल्या पायात जंतूंशी लढायची ताकद कमी असते. बोटांच्या बेचक्यातली चिखली, टाचेची भेग, नखाची कड कापताना लागलेली कात्री, एवढं कारण पुरतं. अचानक थंडी वाजून ताप, पायावर लाल गरम चट्टा, जांघेत दुखणं, म्हणजे सेल्युलायटिस, त्वचेत आणि तिच्याखाली पसरणारा जंतुसंसर्ग. लाल भागाच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा, वेळ लिहा, मोजा काढा, पाय वर ठेवा आणि त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. लाली रेघेबाहेर जात राहिली, उलट्या झाल्या, शुद्ध हरपल्यासारखं वाटलं तर भरती व्हा. प्रत्येक झटका उरलेल्या आणखी काही नळ्या बंद करून जातो. वर्षात दोनदा झाला तर पेनिसिलिनचं दीर्घकाळ प्रतिबंधक औषध द्यायचं का हे डॉक्टरांना विचारा. साखर ताब्यात नसेल तर हे सगळं लवकर आणि वारंवार होतं.

म्हणून रोज रात्री बेचकी कोरडी करायची, चिखली दिसली की क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन मलम. अनवाणी चालणं बंद, मंगळवारी सिद्धिविनायकाला पायी जायचा नेम असेल तर चपला घालून जा. आणि साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही. घालावाच लागला तर घरी आल्यावर साबणाने धुऊन, कोरडा करून नीट तपासा आणि 72 तासांच्या आत डॉक्टरांना लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिनबद्दल विचारा. महापालिका दर पावसाळ्यात हे सांगते, तुमच्यासारखीने ते ऐकायलाच हवं.

नोकरी सोडू नका. बसून काम आणि अधूनमधून चालणं हे पायाला घरात दिवसभर ओट्याशी उभं राहण्यापेक्षा बरंच. टेबलाखाली पाय ठेवायला छोटा स्टूल, तासाला एकदा उठून फेरी, बसल्या जागी घोटे वीस वेळा वर-खाली. मांडी घालून आणि पायावर पाय टाकून बसणं टाळा. लोकलमध्ये मुलुंड ते सीएसएमटी ताटकळत उभं राहणं वाईट. शक्य असेल तर अर्धा तास लवकरची गाडी पकडा. उभं राहावंच लागलं तर टाचा उचलत, वजन बदलत राहा. संध्याकाळी मोजा घालून वीस-तीस मिनिटं चाला आणि चालण्याआधी दहा वेळा पोटाने खोल श्वास घ्या. श्वासाबरोबर छातीतला दाब बदलतो आणि मुख्य नळीतलं लिम्फ वर खेचलं जातं. वजन जरी चार-सहा किलोंनी उतरलं तरी पायावरचा भार कमी होतो. मीठ बेताचं ठेवा, पण पाणी आणि डाळ-अंडी कमी करू नका. प्रथिनं खाल्ल्याने ही सूज वाढत नाही.

सूक्ष्म शस्त्रक्रियेने लिम्फच्या नळ्या बारीक शिरांना जोडतात, मुंबईत ती होते. सहा महिने पट्टी-मोजा नीट करूनही सेल्युलायटिसचे झटके येत राहिले तर प्लास्टिक सर्जनचं मत घ्या. मोजा त्यानंतरही बहुतेकींना लागतोच. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी मात्र सर्जनला सेंटिनल नोडबद्दल विचारावं : गर्भाशयमुखात हिरवा रंग सोडून कॅमेऱ्यात उजळणारे पहिले एक-दोन नोडच दोन्ही बाजूंनी काढतात. सुरुवातीच्या टप्प्यातल्या गर्भाशयाच्या कॅन्सरमध्ये ते चालतं आणि पाय सुजण्याचा धोका बराच कमी होतो.

गणपतीला जा. डॉपलर स्वच्छ आला आणि पाय पट्टीत उतरलेला असला की झालं. गुठळी निघाली तर मात्र रक्त पातळ करणारं औषध सुरू होऊन डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत प्रवास नाही. रात्रीची गाडी आणि खालचा बर्थ बघा, बसून दहा तास जाण्यापेक्षा आडवं झोपून जाणं पायाला सोपं. बसनेच जायचं तर कडेची सीट, दर थांब्याला खाली उतरणं, आणि मोजा गावात पोहोचेपर्यंत अंगावर. पर्समध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेलं अँटिबायोटिक आणि त्याची चिठ्ठी ठेवा, रात्री वाडीत ताप भरला तर सकाळची वाट बघावी लागू नये. खळ्यात, शेतात, पाणंदीत बंद बूट, कारण त्या दिवसांत भातशेतीतला चिखल म्हणजे लेप्टो आणि जळवा दोन्ही. आरतीला उभ्या राहा, पण नैवेद्याच्या पंक्ती वाढायचं काम या वर्षी पुतण्यांना द्या. मोदक वळायला जमिनीवर न बसता खुर्ची घ्या. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी टेप लावा. 2 सेंमी वाढलेलं असेल तर थेरपिस्टला फोन करून तीन-चार दिवस पुन्हा पट्टी बांधून घ्या, मोजा त्यानंतर.